कळसूबाई लॉज, १६१० मीटर

कळसूबाई लॉज
रविवार, ८ मार्च २०२६

प्रिय शौन्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र थेट रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाखाली टाकणार असशील, तर एक मिनिट दम धर. हे पोस्ट करायला मी पंचेचाळीस मिनिटांची वळणं उतरून खाली ब्राइट गावात जाणार आहे. तेवढा तरी मान ठेव.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तर मला कधीच ब्लॉक केलंयस. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, हे तुझ्या ताईच्या डोक्यात अकरा वर्षांनी आलं. मी पहिल्यापासूनच जरा स्लो, तुला माहीत आहे.

तर ऐक. येत्या जूनमध्ये आपल्या लॉजला चाळीस वर्षं होतायत. चाळीस! आजूबाजूची निम्मी लॉजेस कंपन्यांनी गिळली, आणि आपलं अजून सोवनींचंच आहे. हॉलच्या लांब भिंतीवर सगळा इतिहास लावायचा मी घाट घातलाय. बारा पॅनल्स, फोटो, खाली चार-चार ओळी. बाबा सांगतात आणि मी टाइप करते. अठ्ठ्याहत्तरी झाली तरी त्यांना कुठल्या साली किती इंच बर्फ पडला ते तोंडपाठ आहे, फक्त चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत मला दोनशेच्या वर फोटो सापडलेत. एकात तू चार-पाच वर्षांचा आहेस, बाबांचे गमबूट घालून, म्हणजे गमबूटच दिसतात आणि वर तुझं डोकं. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. वँगराटाचा प्रिंटर म्हणतो पंधरा मेपर्यंत सगळं द्या, म्हणून सध्या माझी नुसती धावपळ चालू आहे.

आता मुद्द्याचं. शनिवारी सहा जूनला बर्फाचा सीझन उघडतो, त्या दिवशी नेहमीसारखी पंगत. या वेळी तू यायचंस. नुपूर आणि श्रियाला घेऊन. आपल्या दोघांत तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे रे, समुद्र नाही. श्रिया नऊ वर्षांची झाली आणि तिच्या आजोबांनी तिला पाहिलंय ते आईच्या फोनवर, तेही चष्मा शोधायच्या निमित्ताने शेजारी वाकून. आई डेंटिस्टकडे म्हणून बस आणि ट्रेन करून तुझ्याकडे येते, हे बाबांना कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सगळेच भोळे आहात. मागच्या महिन्यात बाबा मला म्हणाले, तुझ्या आईला एकंदरीत चाळीस-पन्नास दात असावेत.

एक माहिती हवी होती. ती मोठी आग २००४ची ना? तू छतावर ओली ब्लँकेट्स घेऊन बसला होतास तीच. पॅनलवर तसंच लिहिते आहे.

तुझी
ताई


कळसूबाई लॉज
रविवार, २९ मार्च

प्रिय शौन्या,

पोहोचलं! तुझं कार्ड पोहोचलं. अकरा वर्षांनी तुझी एक ओळ आली, आणि ती काय, तर 'इट वॉज २००३, नॉट २००४. वेट गनी बॅग्ज, नॉट ब्लँकेट्स.' ना नाव, ना हॅलो. मी ते कार्ड घेऊन अख्ख्या किचनमध्ये नाचले. तुझे उल्हास भावोजी म्हणाले, मला सोडून कुणाचं तरी प्रेमपत्र आलेलं दिसतंय.

आता खरं सांगते, रागावू नकोस. २००४ मी मुद्दाम लिहिलं होतं. ब्लँकेट्सही मुद्दाम. तुला शिव्या चालतात, अबोला चालतो, पण चुकीची माहिती तुझ्याच्याने पाहवत नाही. गळ टाकला आणि मासा लागला. आता कानाला खडा, पुन्हा फसवणार नाही.

पहिली तीन पॅनल्स झाली. तू तेव्हा लहान होतास, तुला हे तुकड्यातुकड्यांनीच माहीत असेल, म्हणून लिहिते.

आपण ८४ साली पुण्याहून ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा मी आठ वर्षांची आणि तू तीनचा. बाबा रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर, डोंगरातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढणाऱ्या टीमवर. ८५च्या ऑगस्टमध्ये वादळात त्यांची गाडी अडकली आणि हेल्गाबाईंच्या लॉजवर त्यांना तीन दिवस राहावं लागलं. हेल्गाबाई ऑस्ट्रियाच्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, एकट्याने अकरा खोल्या सांभाळत होत्या. बाबांनी बसून राहायचं कसं म्हणून त्यांचा बॉयलर दुरुस्त केला, मग दारं दुरुस्त केली, मग चिमणी. तिसऱ्या दिवशी हेल्गाबाई म्हणाल्या, मला बहिणीकडे परत जायचंय, हे लॉज तूच घे. बाबा घरी आले ते हे खूळ घेऊनच. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पाणी आहे का? बाबा म्हणाले, डोंगराच्या झऱ्याचं, चोवीस तास, लाइन लावायची गरज नाही. तेवढ्यावर आई तयार झाली. हेल्गाबाईंनी जाण्याआधी आईला बर्फाबद्दल काय काय समजावलं, पण आई सगळे नळ एकेक करून उघडून बघत होती आणि घट्ट बंद करत होती. मी तिच्या मागे मागे फिरत होते, मला अजून ते दिसतं.

नाव बाबांचं. आपला व्हरांडा १६१० मीटरवर, आणि कळसूबाईचं शिखर १६४६. फक्त छत्तीस मीटर कमी, म्हणून नाव कळसूबाई. इथल्या लोकांनी एका सीझनमध्ये त्याचं कॅल्सीज करून टाकलं. बाबा वर्षभर प्रत्येकाचं करेक्शन करत होते, मग दमले.

पहिल्या सीझनला बर्फच पडला नाही. सात गेस्ट्स, सगळे वैतागलेले, त्यात खालून येणारा सामानाचा ट्रक आला नाही. आईजवळ फक्त तांदूळ, तुरीची डाळ, तूप आणि लिंबं. बाबांनी सगळी टेबलं एका लाइनीत जोडली, सगळ्यांना एका बाजूला बसवलं आणि स्वतः कंबरेला टॉवेल गुंडाळून वाढायला घेतलं. कुणी चमचा उचलायच्या आत सांगितलं, सगळ्यांचं वाढून होईपर्यंत थांबायचं, आणि यजमान शेवटी जेवणार. बर्फाच्या नावाने बोंब मारणारी ती माणसं वरणभात तीन-तीनदा मागून जेवली. पुढच्या वर्षी त्यातल्या चौघांनी फोन करून विचारलं, तुमचं ते येलो लंच कधी आहे? तेव्हापासून पंगत. परवा एक आजोबा भेटले, म्हणाले मी ८६च्या त्या सातातला आहे, जूनला व्हीलचेअरवर येतोय. मला भरूनच आलं.

तूही ये. बस, या पत्रात एवढंच मागते.

ताई


कळसूबाई लॉज
रविवार, १९ एप्रिल

प्रिय शौनक,

तुझा फोटो मिळाला. या वेळी पाकिटात एक ओळही नव्हती, पण चालेल. छतावर तू, तोंडाला रुमाल, मागे सगळं आकाश विटेच्या रंगाचं. हा फोटो कुणी काढला होता रे? बहुतेक हायवेवरून आलेल्या त्या फायर-ट्रकवाल्यांनी. बावीस वर्षांचा होतास, युनिव्हर्सिटीतून पळत आलेलास. आईला आणि मला बाबांनी जबरदस्तीने खाली पाठवलं, आणि तुम्ही दोघं दोन दिवस वर राहिलात. दुपारी बाराला दिवे लावावे लागत होते म्हणे. बाबांनी या पॅनलची माहिती सांगताना चारदा 'शौनक' म्हटलं. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे नाव ऐकलं नव्हतं. मी मान वर न करता टाइप करत राहिले, म्हटलं, बोलतायत तोवर बोलू द्या.

मी नुसती खूष होते. फोटो मोठा करायला दिला, तो आता पॅनलभर येतोय. प्रिंटरची मुलगी म्हणाली, हू इज दॅट, ही लुक्स लाइक अ मूव्ही स्टार. तिला सांगितलं, माझा भाऊ, पण असं त्याच्यासमोर म्हणू नकोस, डोक्यात हवा जाईल त्याच्या.

मग आलं बारावं पॅनल. २०१५.

बाबा खुर्चीत नीट बसले आणि डिक्टेट केल्यासारखं म्हणाले, "लिही. जून २०१५. मुलाच्या निष्काळजीपणामुळे पाइप फुटला, हॉल पाण्यात गेला, सीझन बुडाला. मुलीने लॉज पुन्हा उभं केलं."

मी म्हटलं बाबा, हे कशाला, आपण नवीन कॅबिन्सचं लिहू. ते म्हणाले, इतिहासात झालं ते लिहायचं, सोयीचं तेवढंच लिहिलं तर ती जाहिरात. मी म्हटलं दर वर्षी हजार-बाराशे लोक ते वाचतील, परकी माणसं. म्हणाले, वाचू देत, खोटं आहे का?

मी गॅसवर चहा ठेवला आहे असं सांगून उठले. चहा ठेवलेला नव्हता.

अकरा पॅनल्स तयार आहेत आणि माझ्या घोड्याने या एकावर पेंड खाल्ली आहे. आईने विचारलं, एवढी का अस्वस्थ आहेस, फक्त एक वाक्य तर आहे. बाबांना सांगितलंय प्रिंटरचं मशीन बिघडलंय. मशीन उत्तम चालू आहे.

तू काही पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी माझी तक्रार नाही.

चारुता


कळसूबाई लॉज
शनिवार, २ मे

शौनक,

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलंय. हे सहावं, आता फाडणार नाही.

त्या वर्षीची चोवीस जून. मेलबर्नला आपल्या आतेबहिणीचं, मंजिरीचं लग्न, आपण सगळे दोन दिवसांसाठी निघालो होतो. मधल्या आठवड्यात गेस्ट नव्हते, शाळेच्या सुट्ट्यांचं सगळं बुकिंग तीन दिवसांनी सुरू होणार होतं. बाबांनी लॉज बंद करायचं काम तुझ्यावर सोपवलं होतं, कारण पुढच्या वर्षीपासून सगळंच तुझ्यावर सोपवायचं ठरलं होतं. थंडी उणे सातच्या खाली जाणार असली की मागच्या स्वयंपाकघरातला शेवटचा नळ करंगळीएवढ्या धारेने चालू ठेवायचा, म्हणजे व्हरांड्याखालच्या पाइपात पाणी गोठत नाही. हेल्गाबाईंचा नियम. तू तो नळ चालू ठेवला होतास. मी पाहिला.

सगळे गाडीत बसले होते. माझी शाल राहिली म्हणून मी परत आत आले. मागच्या स्वयंपाकघरात खुंटीवर होती ती. घेतली, निघाले, आणि जाता जाता नळ बंद केला.

मी बंद केला, शौनक.

विचार करून नाही. नियम मला पाठ होता, तुला मीच तर तो शिकवला होता. पण पुण्यात पाणी सकाळी तासभर यायचं आणि हंडे भरायची ड्यूटी माझी असायची. नळ थेंब थेंब गळताना दिसला की आजी हाक मारायची, चारू, पाणी चाललंय. चाळिशीची झाले, बर्फाच्या डोंगरावर तीस वर्षं राहिले, तरी वाहता नळ दिसला की हात आपोआप जातो. जित्याची खोड. मी दार ओढून घेतलं आणि गाडीत येऊन तुझ्या शेजारी बसले. वँगराटापर्यंत आपण अंताक्षरी खेळलो.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी. बाबांनी स्वतः एकेक फळी घासून बसवलेली ती जमीन पापडासारखी फुगली होती. प्लंबरसमोर, सगळ्या स्टाफसमोर ते तुला म्हणाले, "एक नळ सांभाळता आला नाही, डोंगर काय सांभाळणार?" तू म्हणालास, मी चालू ठेवला होता. ते म्हणाले, मग भुतानं बंद केला? तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर अजून माझ्या मानगुटीवर आहे. पण देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला आठवत नव्हतं. मला खरंच वाटलं, तूच विसरला असशील. तू बॅग घेऊन निघालास तेव्हा मी तुला थांबवलंही नाही, म्हटलं चार दिवसांत येईल राग शांत होऊन.

आठवलं ते ऑगस्टमध्ये. त्याच स्वयंपाकघरात, त्याच नळाशी. थंडी होती, बाबांनी धार सोडली होती, मी काहीतरी आणायला गेले आणि बघते तर माझा हात नळावर आणि नळ बंद. तोंडात मारल्यासारखं झालं. शाल आठवली, खुंटी आठवली, सगळं आठवलं.

त्या दिवशी सांगितलं असतं तर दोन महिन्यांचीच चूक होती. पण तोवर बाबांनी लॉजच्या किल्ल्या मला दिल्या होत्या. तुला द्यायच्या त्या. आणि शौन्या, मला त्या आवडल्या. हे लिहिताना लाज वाटते पण लिहिते. मोठी मी, राबले मी, आणि लॉज मात्र तुला मिळणार हे मला आतून खुपत होतं. फुटलेल्या पाइपने माझं काम सोपं केलं. मग आज सांगू, उद्या सांगू, आधी सीझन होऊ दे, असं करत अकरा वर्षं गेली. उल्हासलासुद्धा सांगितलं नाही.

आता तेच भिंतीवर लावायला निघालेत, पक्क्या शाईत, आणि खाली माझं कौतुक. मी चांगुलपणाने सांगत नाहीये. माझ्याच हाताने ते टाइप करायची वेळ आली म्हणून सांगते आहे.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. उद्या मी बाबांना सांगणार आहे. तुला आधी कळायला हवं होतं म्हणून हे पत्र आज सकाळीच खाली नेऊन टाकते आहे.

चारुता


कळसूबाई लॉज
रविवार, १० मे

शौनक,

सांगितलं. उद्या म्हटलं होतं, प्रत्यक्षात तीन दिवस लागले, पण सांगितलं.

सकाळचा नाश्ता झाल्यावर दोघांना बसवलं. एका दमात बोलले, शाल, खुंटी, ऑगस्ट, किल्ल्या, सगळं. आईने केलेले माझे पोहे तसेच राहिले होते. मला वाटलं होतं बाबा ओरडतील. मी त्याची तयारी करून बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि उठून मागच्या स्वयंपाकघरात गेले. आम्हीही गेलो. ते त्या नळासमोर नुसते उभे होते.

मग म्हणाले, "हा मीही बंद केलाय. पहिल्याच सीझनला. एकदा नाही, तीनदा. नशिबाने प्रत्येक वेळी लगेच लक्षात आलं."

आई म्हणाली, मी तर किती वेळा केला असेन देव जाणे, तुमच्या बाबांनी मागून जाऊन परत सोडलेला असायचा. आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायलाच लागली, आणि मला कळेना कुणाला धरू. बाबा म्हणाले, या घरात नळ वाहता ठेवणारा एकच माणूस होता, जो पुण्यात हंडे भरायच्या वयाचा नव्हता, आणि आपण त्यालाच घालवला.

माझ्याशी ते त्यानंतर दोन दिवस कामापुरतंच बोलले. बरोबरच आहे. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, म्हटलं लॉज शौनकचं होतं, त्याचं त्याला द्या. म्हणाले, "ते तुम्ही दोघं बघा. मला पुन्हा न्यायनिवाडा करायला सांगू नका, मला तो येत नाही." तिसऱ्या दिवशी आपण होऊन लॅपटॉपजवळ आले आणि बारावं पॅनल सांगितलं. मी म्हटलं माझं नाव घाला, मी बंद केला असं लिहा. त्यांनी नकार दिला. भिंतीवर आता एवढंच येईल: 'जून २०१५. पाइप फुटला. दोष ज्याला दिला त्याचा नव्हता. दोष देणाऱ्याने त्याला विचारलंच नाही. दत्तप्रसाद सोवनी.' इंग्लिशमध्ये भाषांतर करायला मला अर्धा दिवस लागला. परवा प्रिंटला गेलं.

आई गुरुवारी 'डेंटिस्ट'कडे येऊन गेली ते तुला माहीतच आहे. तिने सांगितलं, माझं पत्र तू गॅरेजमध्ये उभ्याने दोनदा वाचलंस आणि घडी करून खिशात ठेवलंस. नुपूरने चहा केला तो तसाच निवला. तू येशील की नाही, आईला सांगता आलं नाही. मी विचारणार नाही. मला विचारायचा हक्क नाही हे मला समजतं.

पण शौन्या, तरी सांगते, पाटीला नवा रंग दिलाय, काल पहाटे डोंगरावर पहिला पांढरा थर आला, बावीसच्या बावीस खोल्या भरल्यात, आणि मी सकाळी उठते तेव्हा इतकं हलकं वाटतं की वेड्यासारखी गाणी म्हणत कॉरिडॉरमधून फिरते. तुझा राग अजून आहे आणि तरीही मला आनंद होतोय. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

ताई


क्रेगीबर्न
शनिवार, २३ मे, सकाळी सव्वाअकरा

शौन्या,

हे मी गाडीत बसून, मांडीवर रस्त्यांचं पुस्तक धरून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. आम्ही तुझ्या घराच्या समोरच आहोत. निळ्या लेटरबॉक्सच्या पलीकडे, सिल्व्हर गाडी.

झालं असं. मी पंगतीच्या आमंत्रणाची कार्डं छापून घेतली, सुंदर झालीत. बुधवारी सगळी पाकिटं बंद करून पोस्टाच्या पिशवीत भरली. बाबांनी पिशवी तपासली, तुझं पाकीट शोधून बाहेर काढलं. म्हणाले, "घरच्या माणसाला पोस्टाने बोलावतात का? अक्षता घेऊन जायचं असतं." मी म्हटलं बाबा, तुम्ही चार वर्षांत ब्राइटच्या खाली उतरला नाहीत. म्हणाले, मग आता उतरतो.

आज पहाटेच आंघोळ करून तयार. कोट घातलाय, तोही लग्नातला. आईने छोट्या स्टीलच्या डबीत कुंकू लावलेल्या अक्षता दिल्यात, ती त्यांनी चार तास हातातून सोडली नाही. बेनालाला कॉफीसाठी थांबलो तर एका हाताने प्यायले. क्रेगीबर्नमध्ये शिरल्यापासून मागे बसलेली आई प्रत्येक वळण मला आधीच सांगत होती, मग बाबा म्हणाले, डेंटिस्टचा रस्ता तुला चांगलाच पाठ दिसतोय. पन्नास वर्षांच्या संसारात आई इतकी लाजलेली मी पाहिली नव्हती.

आणि आता वीस मिनिटं झाली, ते उतरत नाहीत. मी हॉर्न वाजवू का विचारलं, तर नको. फोन करू का, तर नको. तुझ्या घराकडे बघतायत. गॅरेजचं शटर कुठल्या मेकचं आहे, गटारीचा उतार बरोबर दिलाय की नाही, सगळं बघून झालं. उतार चांगला दिलाय म्हणाले. मग मला म्हणाले, "त्याला लिही. आत बोलावलं तर चहा घेईन. नाही बोलावलं तर अक्षता पेटीत ठेवून जाईन, पण आमंत्रण पोचलं म्हणून समजावं."

मी तेवढंच लिहून, उतरून, हे पेटीत टाकणार होते. पण मागून आई म्हणाली, हे काय, पेटीतच टाकायचं होतं तर इतके लांब आलात कशाला? आणि ते हसले, शौन्या. खूप दिवसांनी. सीटबेल्ट काढतायत. म्हणतायत, दे ते पत्र इकडे, मीच नेतो.

म्हणजे हे तू वाचतो आहेस याचा अर्थ त्यांनी बेल वाजवली आणि तू दार उघडलंस. आम्ही गाडीतच आहोत, तू हाक मारेपर्यंत येणार नाही. मला हाक मारली नाहीस तरी चालेल, पण आईला नक्की मार.

आणि वाचून होईपर्यंत त्यांना असं दारात उभं ठेवू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. आत घे, बसव, पत्र मग वाच.

ताई